आरंभीची शिल्लक

२०२१ सालचं कालनिर्णय आमच्या घरात अजून आहे. एरवी जानेवारी उजाडला की जुनं कॅलेंडर खिळ्यावरून उतरतं आणि त्याची पानं मसाल्याच्या डब्यांखाली जातात. या एका कॅलेंडरला मात्र बायकोनं हात लावू दिला नाही. देव्हाऱ्याखालच्या खणात, पोथ्यांशेजारी ते गुंडाळी करून ठेवलंय.

एप्रिलच्या पानावर ६ तारखेच्या चौकोनात तिच्या बारीक अक्षरात ‘लस – ह्यांची’ असं आहे. २८ला ‘ताप’. पान उलटलं की ३ मेला ‘दवाखाना’. त्यापुढच्या चौकोनांत दुधाचे लिटरही नाहीत, नुसते आकडे आहेत: ९४, ९२, ८९, ९१. माझा ऑक्सिजन. आणि त्यांच्या शेजारी दुसऱ्या शाईत दुसरे आकडे, ३१२, २७४, ३४०. ती माझी साखर. ऑक्सिजनचे आकडे १३ मेला थांबतात, साखरेचे आजतागायत थांबलेले नाहीत.

त्या पहिल्या रात्री वॉर्डात नर्सनं माझं बोट टोचलं. पीपीई किटमध्ये तिचे फक्त डोळे दिसत होते. यंत्राकडे बघून तिनं विचारलं, “काका, शुगर किती वर्षांपासून आहे?”

मी म्हटलं, “मला शुगर नाही.”

“तीनशे बारा आहे,” ती म्हणाली, आणि पुढच्या खाटेकडे गेली. तिला त्या रात्री अजून तीसेक बोटं टोचायची होती.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्षयतृतीया होती. पाटावर सगळ्यांच्या वाटीत आमरस आणि माझ्या वाटीत ताक. आईनं दोनदा विचारलं, चमचाभर तरी? मग तिनंही घेतला नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला सगळी जमली तेव्हा सोप्यावर हे कॅलेंडर पुराव्याला आलं. दाजींनीच ते मागवून घेतलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. माणूस कष्टाळू, दहा एकर ऊस, शब्दाला पक्का. फक्त मोबाइलवर आलेलं सगळं त्यांना छापील वाटतं.

“हे बघा पाव्हणं,” त्यांनी चौकोनावर बोट ठेवलं. “सहा तारखेला लस. अठ्ठावीसला ताप. तीनला शुगर. आणखी काय पुरावा पायजे?”

वहिनी म्हणाल्या, लशीचं काही नाही, त्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी घात केला. दादाचं म्हणणं, लॉकडाउनमध्ये वर्षभर घरात बसून जे चरलास त्याचं हे फळ. आई कुणाचंच ऐकत नव्हती. तिच्या मते मला काळजीनं झालं, मुलाची नोकरी गेली त्या काळजीनं. चौघांचीही कारणं खरी घडलेली होती. चौघांच्याही तारखा त्या एकाच कॅलेंडरवर होत्या.

“लशीच्या आधी हुती का शुगर?” दाजींनी शेवटचा घाव घातला. “न्हवती!”

तेव्हा दादाची मुलगी, बी. फार्मला आहे, तिकडून चकली खाता खाता म्हणाली, “मामा, नव्हती असं नाही. बघितली नव्हती.”

मी ३० वर्षं पतसंस्थेत खतावण्या लिहिल्या. पोरीच्या त्या वाक्यानं मला एकदम कामावर बसल्यासारखं झालं. जमा-खर्च कितीही चोख लिहा, पानाच्या डोक्यावर आरंभीची शिल्लक नसेल तर अखेरचा आकडा कुठून आला हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही. आमच्या घरातला सगळा वाद आरंभीच्या शिलकेवाचून चालला होता. मला वाटतं, बाहेरचाही बराचसा तसाच चाललाय.

त्यानंतर मी वाचायला लागलो. डॉक्टर नाही, पण आकड्यांची भीती नाही, आणि पुतणीला काही अडलं की फोन करता येतो.

आधी स्टेरॉइडचं. जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल आला: डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू साधारण एकतृतीयांशानं आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले एकपंचमांशानं कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. या निकालाचा पहिला अर्धा भाग आमच्या तालुक्यापर्यंत पोचला, दुसरा अर्धा वाटेत कुठंतरी सांडला. २०२१च्या त्या एप्रिलमध्ये लोक एकमेकांना ‘कसा आहेस’ असं विचारत नव्हते, ‘स्कोअर किती’ असं विचारत होते. माझा एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा, स्कोअर आठ आला. ऑक्सिजन ९५ असताना मला घरीच गोळ्या सुरू झाल्या. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या दारात सकाळी सहापासून रांग असायची आणि त्यांची स्वतःची बायको ऑक्सिजनवर होती. पण स्टेरॉइड यकृताला साखर सोडायला लावतं आणि इन्शुलिनचं काही चालू देत नाही, हे मला नंतर कळलं. कडेला टेकलेल्या माणसाला तेवढा धक्का पुरतो.

माझ्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा गाल दुखायला लागला होता. दोन दिवसांनी डोळा सुजला. म्युकरमायकोसिस हा शब्द तेव्हा नुकताच तोंडात बसत होता, सगळे ‘काळी बुरशी’च म्हणायचे. साखर चढलेली, स्टेरॉइड चालू, त्यात करोना. बुरशीला याहून बरी जमीन कुठली. त्याचा मुलगा ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी तीन जिल्हे फिरला. मला पुण्याला कुणी ओळखीचं आहे का विचारत होता. त्याला पुढच्या गावी हलवलं; नंतरचं मला माहीत नाही. माझी साखर मी आजही मोजतो त्यामागं भीती आहे आणि त्या भीतीला तो सुजलेला डोळा आहे.

आता करोनाचं. त्याचा आणि मधुमेहाचा संबंध जोडणारे अभ्यास खरेच झाले आहेत, हे दाजींच्या विरोधातल्या मंडळींनीही मान्य करायला हवं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरून मार्च २०२२मध्ये आलेल्या अभ्यासात करोना होऊन गेलेल्यांना वर्षभरात नव्यानं मधुमेह होण्याचा धोका ४० टक्क्यांनी जास्त दिसला. दर हजारी १३ माणसं जास्तीची. मला तो वाचताना शंका आली की आजारी पडलेला माणूस डॉक्टरकडे जातो, रक्त तपासतो, आणि ज्याला काही झालं नाही तो तपासतच नाही. सापडणं आणि होणं यांत फरक आहे. पण २०२४मध्ये इंग्लंडमधल्या १ कोटी ६० लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास आला, त्यात याचाही अंदाज येतो. लस यायच्या आधी करोना झालेल्यांत पहिल्या चार आठवड्यांत टाइप २ मधुमेहाचं निदान चौपटीहून जास्त. हळूहळू ते उतरत गेलं, आणि वर्ष उलटल्यावरही थोडं वरच राहिलं. ज्यांचं निदान झालं त्यांतल्या साधारण ६० टक्क्यांचा मधुमेह चार महिन्यांनंतरही टिकून होता. म्हणजे उरलेल्यांचा ओसरला: तो तापाचा, धास्तीचा, औषधाचा असावा.

आणि त्याच अभ्यासात, दाजी, तुमच्या चौकोनाचं उत्तर आहे. करोना झाल्यावरच्या पहिल्या चार आठवड्यांत नव्या मधुमेहाचा धोका लस न घेतलेल्यांत साडेआठ पटींच्या वर गेला होता; लस घेतलेल्यांत तो पावणेदोन पटींच्याही आत होता. मी हे त्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, “इंग्लंडातल्या लोकांचं वेगळं असतंय.”

लशीवरचा त्यांचा राग मी हसण्यावारी नेत नाही. मे २०२४मध्ये त्यांनी रात्री दहाला फोन केला होता. ॲस्ट्राझेनेकानं ब्रिटनच्या कोर्टात मान्य केलं होतं की फार क्वचित, त्यांच्या लशीमुळे रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा प्रकार होऊ शकतो. तीच लस आपल्याकडे पुण्याच्या सीरमनं कोव्हिशील्ड म्हणून बनवली आणि आम्ही दोघांनी एकाच शाळेच्या व्हरांड्यात घेतली. “आता तरी पटलं?” ते म्हणाले. मला पटलं ते इतकंच, की दुष्परिणाम असतात आणि ते क्वचित का असेना, लोकांना आधी, सरळ भाषेत सांगायला हवे होते. गुठळी आणि साखर या मात्र दोन वेगळ्या खात्यांवरच्या नोंदी आहेत. टोचल्यावर एक-दोन दिवस अंग कसकसतं तेव्हा साखरही थोडी वर जाते, कुठल्याही तापात जाते, ती उतरतेही.

मला या वादात सगळ्यात बोलका वाटणारा आकडा वेगळाच आहे. आयसीएमआरचं ‘इंडियाब’ सर्वेक्षण २००८ला सुरू झालं, २०२०ला संपलं, आणि जून २०२३मध्ये छापून आलं. देशात १० कोटी १० लाख मधुमेही, १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. गोव्यात तर मोठ्या माणसांत १०० मागे २६. हा आकडा पेपरात आला तेव्हा कितीतरी लोकांनी तो पुढं पाठवताना वर लिहिलं होतं, ‘बघा लशीनंतर काय झालं’. सर्वेक्षण संपलं डिसेंबर २०२०मध्ये. देशातली पहिली सुई टोचली १६ जानेवारी २०२१ला.

दाजींचा आणखी एक मुद्दा होता आणि तो मला स्वतःलाही खरा वाटायचा. मी काटकुळा. उभ्या आयुष्यात वजन ६२ किलोच्या वर गेलं नाही. “ढेरी असणाऱ्यांला शुगर हुती. तुमाला कशी झाली?” याचं उत्तर लांब कुठं नाही, आमच्यापासून चार तासांवर पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला: दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. वरून बारीक, आतून जाड. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची मोजमापं १९९३पासून घेता घेता त्यांना दिसलं की आपली अडीच-पावणेतीन किलोची पोरंही स्नायूंनी कमी आणि चरबीनं भरलेली जन्मतात. हा फोटो मी लॅमिनेट करून घेतलाय. बारीकपणाचा मला फार अभिमान होता हो.

खाण्याचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण तिथं मीच आरोपी आहे.

आमचं गाव उसाचं. सहकारी कारखान्याचा शेअर वडलांच्या नावावर होता, आता माझ्या. दिवाळीआधी कार्ड घेऊन गेलं की सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळते. ती आणायला रांगेत उभं राहणं हा आमच्याकडे दिवाळीचाच भाग आहे. त्या पोत्यावर शिवलेली सुतळी सोडल्याशिवाय करंज्यांना सुरुवात होत नाही. घरची साखर विकतच्यासारखी मोजून वापरायची नसते. पाहुण्याला कमी गोड चहा देणं म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय. आणि २०२०मध्ये तर आम्ही औषध म्हणून गोड प्यायलो. आयुष मंत्रालयानं सांगितलेल्या काढ्यात तुळस, दालचिनी, सुंठ, मिरे, मनुका होते. गूळ चवीपुरता, वाटलं तर. आमच्या घरी चवीपुरता म्हणजे मुठीएवढा खडा. दिवसातून दोनदा, वर्षभर. गूळ चालतो, असं सगळेच म्हणत होते. अजून म्हणतात. गुऱ्हाळाशेजारी वाढलेला माणूस म्हणून सांगतो, गुळाला रंग आहे, वास आहे, आठवणी आहेत, पण मीटरला यातलं काही दिसत नाही.

साखर निघाल्यावर मला जो तो आहार सांगू लागला. २०१८-१९मध्ये महाराष्ट्रात ‘दीक्षित की दिवेकर’ यावरून घरोघर जुंपली होती: दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवा, की दर दोन तासांनी थोडं थोडं घरचं खा? आमच्या पतसंस्थेत कॅशियर दीक्षितवाला आणि वसुली अधिकारी दिवेकरवाला होता, तो बाराच्या ठोक्याला शेंगदाणे काढायचा आणि कॅशियर तोंड फिरवायचा. मी तेव्हा दोघांची मजा बघत होतो. माझ्यावर पाळी आली तेव्हा शहाण्यासारखं यंत्र घेतलं आणि स्वतःचं बोट टोचून बघितलं.

तीन ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याचा रस्सा, दोन तासांनी २२६. मला धक्का बसला, कारण भाकरी म्हणजे पथ्य, असं मी समजत होतो. दीड भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि दही, १६१. भाकरी अर्ध्यावर, बाकी उसळ-दही. नाचणीवर, बाजरीवर हेच करून बघितलं. धान्य बदलल्यानं आकडा फारसा हलेना, भाकऱ्या मोजल्यावर हलला. पुढं २०२५मध्ये इंडियाबच्याच लोकांचा आहारावरचा अभ्यास आला, त्यात म्हटलंय की भारतीय माणसाचे सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून, म्हणजे भात, पीठ, साखर यांतून येतात, आणि पांढऱ्या तांदळाऐवजी नुसतं गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणून एकूण माप तेवढंच ठेवलं तर धोका उतरताना दिसत नाही. त्यातला थोडा वाटा डाळींना, दूध-दह्याला दिला तर दिसतो. पुतणीनं लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, ‘काका, तुमची मटकी छापून आली.’

तर मग माझी साखर कुणाची?

दवाखान्याच्या फाइलमध्ये एक कागद होता, ४ मेचा. एचबीए१सी ७.८. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. शेवटच्या महिन्याचं वजन त्यात जास्त, हे खरं, पण चार दिवसांच्या गोळ्यांनी तो इतका चढत नाही. म्हणजे मला ताप यायच्या आधीच, लशीसाठी बाही वर करायच्याही आधी, रक्तात गोडवा मुरत होता. ती फाइल भाऊबीजेच्या दिवशीही घरात होती. तिच्यात पाहायचं कुणाला सुचलं नाही, मलासुद्धा. कॅलेंडर हाताशी होतं.

आणि मग गेल्या पावसाळ्यात कपाटाच्या वरच्या खणात पाणी ठिबकलं म्हणून कागद उन्हात घातले, तर विम्याच्या पॉलिसीमागं टाचलेला २०१६चा एक रिपोर्ट निघाला. उपाशीपोटी साखर ११८. आकड्यासमोर इंग्रजीतला ‘एच’, म्हणजे ‘हाय’, जास्त. तेव्हा पॉलिसी मंजूर झाली म्हणजे तब्येतही मंजूर झाली अशी माझी समजूत, त्यामुळे टाचणी मारली आणि फायलीला लावला. ३० वर्षं लोकांच्या खात्यातली आठ आण्यांची चूक शोधणाऱ्या माणसाची ही आरंभीची शिल्लक.

मी तो कागद आईला दाखवला. तिला आकडे कळत नाहीत. ती म्हणाली, “आबांसारखंच म्हणायचं मग.”

आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या पायात उसाचा सड घुसला, जखम भरली नाही, पाय काळा पडत गेला, त्यात ते गेले. ‘सडाचं निमित्त झालं,’ एवढंच आम्ही लहानपणापासून ऐकलं. आई आता म्हणाली की शेवटची दोन-तीन वर्षं ते रात्री चार-चार वेळा उठायचे, उशाला पाण्याचा तांब्या पुरायचा नाही. “आणि मोरीला मुंग्या लागायच्या,” ती म्हणाली. “मी सून, मीच मोरी धुवायची. मला वाटायचं गुळाचं पाणी कोण ओततंय.”

तिनं हे याआधी कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

यंदाच्या भाऊबीजेला मी रिपोर्ट आणि यंत्र दोन्ही सोप्यावर मांडलं. दाजींनी रिपोर्ट उलटासुलटा पाहिला. २०१६ म्हणजे लशीच्या पाच वर्षं आधी, हे त्यांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, “असंल. पर वाढली ती लशीनंच.” मी म्हटलं, वाढली करोनानं आणि गोळ्यांनी, एवढं कबूल करतो. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पाच वर्षांत एवढी तडजोड आमच्यात प्रथमच झाली. बोट मात्र त्यांनी पुढं केलं नाही. “सणासुदीचं नगं,” म्हणाले, आणि करंजी उचलली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वयंपाकघरात माझी उपाशीपोटीची बघत होतो, तर अक्का येऊन शेजारी बसली. दिवा पुरता लावला नव्हता. तिनं पदराला हात पुसला आणि बोट माझ्यापुढं धरलं.

“माझी बघ,” ती म्हणाली. “लई तहान लागती रं हल्ली.”

थेंब पट्टीनं ओढून घेतला. यंत्रानं पाच, चार, तीन मोजलं. १४१.

“हे जास्त हाय का?”

“एकदा लॅबमध्ये बघावं लागेल,” मी म्हटलं. “पण आत्ता कळलं, बरं झालं.”

ती थोडा वेळ आकड्याकडे बघत राहिली. आतून दाजींच्या खोकण्याचा आवाज आला. “ह्यांना लगेच सांगू नको,” ती पुटपुटली. “चार दिवस माझ्या डोसांच्या तारखाच काढत बसतील.”

बायको चहाचं आधण ठेवत होती. तिनं गॅस बारीक केला, खिळ्यावरच्या कॅलेंडरला बांधलेली पेन्सिल घेतली, आणि त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या आकड्याखाली लिहिलं: अक्का – १४१.